शाळेतच कामाचं प्रशिक्षण दिलं तर मुलं अभ्यासात मागे पडतात का?

नीट शिकवलं तर उलट अभ्यास पक्का होतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. या संस्थेच्या अभ्यासक्रमात शाळेतली आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तगट तपासणी असली कामं स्वतः करतात. लोखंडी स्टूल करायचं म्हटलं की मापं आली, अँगल (काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी) किती लागेल त्याचा हिशेब आला, मजुरी धरून किंमत काढणं आलं. गावातली छोटी कामं पैसे घेऊन करायची, हे मला सगळ्यात पटतं. गिऱ्हाईक मार्क देत नाही, काम परत करायला लावतं! मात्र वर्कशॉपला कुलूप आणि नुसत्या वह्या भरून घेणं चालू असेल, तर दहावीनंतर सरळ आयटीआय बरं.