बाळंतपणानंतरची कंबर, शिंकेसरशी लघवी आणि फिजिओचं पॅकेज

तुझी पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. (एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस.) चार महिन्यांचं बाळ, कंबर धरलेली, शिंक किंवा खोकला आला की थोडी लघवी होते. घणसोलीहून ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात गेलीस, तर त्यांनी कमरेसाठी मशीनच्या सिटिंगचं पॅकेज सांगितलं. घरी सासूबाई म्हणतात, पोटाला पट्टा नीट बांधला नाहीस म्हणून हे. आणि तुझा प्रश्न एवढाच, की पॅकेज घेऊ का.

अजून पैसे भरले नसशील तर भरू नकोस. आधी तपासणी, मग बाकी सगळं.

मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. माझी मुलगी आता शाळेत जाते, म्हणजे काही गोष्टी मधल्या काळात बदलल्याही असतील. प्रत्येकीचं शरीर वेगळं, तेव्हा हे एका बाईचा अनुभव म्हणूनच वाच. चालावं, पाणी प्यावं, कुशीवर वळून उठावं हे तुला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझ्या वेळचं सांगते. नॉर्मल डिलिव्हरी, टाके पडलेले, कंबर तुझ्यासारखीच. ऑर्थोच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘लो बॅक पेन’ लिहिलं आणि फिजिओ विभागाच्या काउंटरवर त्या तीन शब्दांवर माझी पावती फाडली. भरायच्या फॉर्मवर डायबिटीस, बीपी, पेसमेकर सगळ्यांना चौकटी होत्या. बाळंतपण झालंय का, कधी झालं, याला नव्हती. पडदा लावलेल्या कप्प्यात पालथं झोपायला सांगितलं. छाती दुधाने भरलेली असताना पालथं झोपणं म्हणजे काय ते बाळंतिणीलाच कळेल. कमरेवर चार पॅड, त्यावर गरम पॅक, उशाशी टायमर. बाहेर बाकावर आई बाळाला घेऊन बसलेली, आणि बाळ रडायला लागलं की माझा सगळा जीव तिकडे. टायमर वाजला की एक मुलगी पडदा सरकवून यायची, पॅड काढायची, ‘बरं वाटतंय ना?’ विचारून पुढच्या कप्प्यात जायची. तिला मी दोष देत नाही. एकटी किती जणांना बघणार? निघताना हातात व्यायामांची झेरॉक्स. त्यात एक थेट सिट-अपसारखा, झोपल्या जागेवरून उठून बसायचा, सगळा जोर पोटावर. माझ्या पोटाला कोणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

लघवीचं मी सांगितलं होतं. तर म्हणे ते गायनॅकला विचारा. गायनॅक ओपीडी वरच्या मजल्यावर. तिथे ऐकलं, ‘टाके छान भरलेत, असं सगळ्यांनाच होतं, वर्षभरात जाईल. फारच वाटलं तर खाली फिजिओला विचारा.’ खाली म्हणे चिठ्ठीवर तसं लिहून आणा. वर म्हणे त्याला वेगळी चिठ्ठी लागत नाही. एकाच इमारतीतले दोन विभाग, आणि दोघांना एकमेकांना एक फोन लावणं जमलं नाही. मधल्या जिन्यावर चढ-उतर कोणी करायची? तर टाके पडलेल्या बाईने. पॅकेज मध्येच थांबवायचं म्हटल्यावर काउंटरने बिलिंगकडे धाडलं, बिलिंगने डॉक्टरांचं पत्र मागितलं, आणि पत्र नेल्यावर सांगितलं की रिफंडची पद्धतच नाही, हवं तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर करून देऊ. हे आधी सांगायला काय झालं होतं?

पैसे गेले ते गेले. माझा राग आहे तो वेळेसाठी. 2017 च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली, त्यातले 8 पर्यंत प्रसूतीआधी घेता येतात. उरलेल्यातला सव्वा महिना माहेरी जातो. मग जे हातात राहतात तेच खरे स्वतःकडे बघायचे दिवस, आणि माझे ते त्या पडद्यामागे पालथं पडून गेले. कामावर रुजू झाले तेव्हा कंबर होती तशीच होती आणि ठाणे स्टेशनच्या जिन्यावर शिंक आली की पाय आवळून कठड्याला धरून उभी राहायचे. अजूनही आठवलं की संताप होतो.

‘सगळ्यांनाच होतं’ या वाक्याबद्दल बोलायलाच हवं. पुष्कळ जणींना होतं हे खरंच आहे. पण म्हणून त्यावर उपाय नाही असं थोडंच आहे? ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना बघ. शिंकताना-खोकताना लघवी होण्यावर पहिला उपाय म्हणून त्यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, म्हणजे पेल्विक फ्लोअरचे व्यायाम सांगितलेत, तेही किमान 3 महिने आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. ऑपरेशनचा विचार नंतरचा. फ्रान्समध्ये बाळंतिणींना या स्नायूंसाठीची सत्रं सरकारी आरोग्यविम्यातून मिळतात. आपल्याकडे बाळाच्या लसींचं कार्ड भरून मिळतं, आईच्या स्नायूंचं कोणी विचारत नाही.

मशीनच्या विरोधात मी नाही. आयएफटीने, म्हणजे त्या पॅडमधून सोडलेल्या सौम्य विजेच्या प्रवाहाने, दुखणं तेवढ्यापुरतं हलकं होतं, काहींना त्याचा आधारही वाटतो. पण नऊ महिने ताणलेलं पोट आणि प्रसूतीत ताण सोसलेले तळाचे स्नायू पाठीवर पॅड लावून कामाला लागत नाहीत. आणि हो, तांबी बसवली असेल तर डायथर्मी, म्हणजे आतपर्यंत शेक देणारं मशीन, लावण्याआधी ते आवर्जून सांग. मला कोणी विचारलं नव्हतं.

खरी तपासणी कशी असते ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मैत्रिणीने नौपाड्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिल्या दिवशी एकही मशीन लावलं नाही. प्रसूती कशी झाली, कळा किती वेळ चालल्या, टाके कुठवर, शौचाला जोर करावा लागतो का, दिवसाला चहा किती, हे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, बाळाला उचलून दाखव. मी नेहमीसारखी श्वास रोखून कमरेत वाकले. त्यांनी तिथेच थांबवलं आणि श्वास सोडत सोडत, बाळाला अंगाशी घेऊन उचलायला लावलं. नंतर पाठीवर झोपवून डोकं किंचित वर घ्यायला सांगितलं, बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवून पोटाच्या मधली फट बघितली. किती बोटं जातात एवढंच बघायचं नसतं म्हणे, दाबल्यावर खाली ताण लागतो की मळलेल्या कणकेत जावं तसं बोट आत जातं, ते जास्त महत्त्वाचं. ही फट पहिल्या 8 आठवड्यांत बहुतेकींची आपोआप कमी होते. त्यानंतरही ठळक लागत असेल तर दाखवायला हवं, आणि तुझे तर चार महिने झालेत. आतून तपासणीचंही त्यांनी आधी नीट समजावलं, नको वाटलं तर स्पष्ट नाही म्हण, त्यावाचून उपचार अडणार नाहीत, असं सांगितलं. मी हो म्हटलं. तू काय म्हणायचं ते तुझं तू ठरव.

निदान ऐकून मी चक्रावले. माझे तळाचे स्नायू नुसते ढिले पडलेले नव्हते, ते सतत आवळून धरलेले होते. दमलेला, आवळलेला स्नायू शिंकेच्या क्षणी आणखी आवळू शकत नाही. म्हणून मला आधी सोडायला शिकवलं: कुशीवर पडून लांब श्वास, पोट सैल, खालचा भाग सैल. आवळणं त्यानंतर. शिंक येतेय असं वाटताच आधी आवळून धरायचं, हे त्याहून नंतर.

म्हणून म्हणते, इंटरनेटवर बघून सरसकट केगल, म्हणजे तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, सुरू करू नकोस. अमेरिकेतल्या आर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली हे व्यायाम मांडले आणि ते चांगलेच आहेत, पण ज्यांना संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो किंवा शौचाला सोडताच येत नाही, त्यांनी तपासून घेतल्याशिवाय आवळत बसू नये. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करण्याचा सल्ला तर साफ चुकीचा. कोणी दिला तर ऐकू नकोस.

सासूबाईंशी पट्ट्यावरून भांडण नको. त्यांच्या काळजीने त्या बोलताहेत. सिझर झालेल्यांना पहिले काही दिवस पट्ट्याने उठताबसताना बरं वाटतं, आणि माझ्या आईनेही मला जुन्या सुती साडीची पट्टी बांधली होतीच. पण पट्टा गच्च आवळला की दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू आधीच थकलेले असतात. शिवाय पोटाचं काम पट्टा करायला लागला तर पोट कधी करणार? चार महिन्यांनी दिवसभर बांधणं मला तरी पटत नाही. मालिश, शेक, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खुशाल चालू दे. मालिशवाल्या मावशींना मात्र पोटावर जोर देऊन रगडू देऊ नकोस.

नवीन ठिकाणी जाशील तेव्हा काउंटरवरच्या माणसाला नको, थेरपिस्टशीच बोल. बाळंतिणी बघता का, पहिल्या भेटीत पोट आणि पेल्विक फ्लोअर तपासता का, एकेका भेटीचे पैसे घेता की पॅकेजच घ्यावं लागतं, हे सरळ विचार. तपासण्याआधीच सिटिंगचा आकडा सांगणाऱ्याकडून मी तरी उठून येईन. राज्य परिषदेची नोंदणी आहे ना, तेही बघ. विम्याचं गृहीत धरू नकोस. ओपीडीतली फिजिओथेरपी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, एचआरला लेखी विचार.

तू घणसोलीची, तर सारखं ठाण्याला येण्याची गरज नाही. नेरूळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम, दोन्हीकडे फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. तिथे स्त्रीआरोग्याचं काम बघणारं कोण आहे, हे फोन करून विचार. नेरूळला तर ट्रान्सहार्बर लोकलने थेट जाता येईल. दुपारची गाडी धर, बसायला मिळेल. रिक्षाने खड्ड्यांतून जाण्यापेक्षा कमरेला ते बरं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात दुखायला लागलं असेल तर तेही सांग. बाळाला काखेत अंगठे ताणून सारखं उचललं की होतं ते. तळवे खाली सरकवून, मनगट सरळ ठेवून उचलायला शिकवतात आणि लगेच फरक जाणवतो. दूध पाजताना बाळ उशीवर घेऊन वर आण, तू खाली वाकू नकोस.

काही गोष्टींत मात्र फिजिओची वाट बघायची नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, ताप, जास्त रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर तडक डॉक्टर. गॅस किंवा शौच अडवता येत नसेल, किंवा अंग बाहेर आल्यासारखं जड वाटत असेल, तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच शब्दांत सांग. ‘थोडा त्रास आहे’ म्हटलं की पुन्हा ‘सगळ्यांनाच होतं’ ऐकावं लागेल.

जाण्याआधी दोन-तीन दिवस एक कागद बाथरूमच्या दाराला चिकटव आणि किती वाजता लघवीला गेलीस, कधी गळाली, तेव्हा काय करत होतीस, ते लिही. गळते म्हणून पाणी कमी करू नकोस, दूध पाजतेयस. डिस्चार्ज कार्डही सोबत ने. टाके कुठवर गेले होते ते त्यावर असायला हवं. नसेल तर जिथे प्रसूती झाली तिथून लिहून माग. मागताना कारण विचारलं तर ‘फिजिओला दाखवायचंय’ एवढं सांगितलं तरी पुरे.