बॅटऱ्या लावून अख्खं ग्रिड सूर्यावर चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की दिवसा उरलेली सौर वीज मोठ्या बॅटऱ्यांत भरून रात्रभर वापरली तर कोळसा लागेलच कशाला? माझी सगळी नोकरी बडोद्यात वीजखात्यात गेली, म्हणून लिहितो.

घोळ 'रात्रभर' या शब्दात आहे. बॅटरीचे आकडे दोन असतात, बातमीत मात्र बहुधा एकच छापतात. मेगावॅट म्हणजे नळ केवढा, मेगावॅट-तास म्हणजे टाकी केवढी. २०२२ साली चोवीस तास सौर विजेचं गाव म्हणून गाजलेलं आपलं मोढेरा घ्या. तिथे सौर प्रकल्प ६ मेगावॅटचा, बॅटरी १५ मेगावॅट-तासांची. नळ ६ मेगावॅटनं सोडला तर टाकी अडीच तासांत कोरडी. गावाची रात्रीची गरज बेताची, म्हणून भागतं. शहराचं असं भागायचं नाही. शिवाय १०० युनिट भरली की साधारण ८५च परत मिळतात.

मग बॅटरी कशाला? दिवेलागणीसाठी. ऊन उतरतं नेमकं तेव्हाच घरोघरी दिवे, एसी सुरू होतात आणि कोळशाचा संच काही बटण दाबल्यासारखा चढत नाही. ते दोन-चार तास बॅटरी ओढून नेते. दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं: ५० हर्ट्झ, म्हणजे ग्रिडच्या विजेचा सेकंदाला पन्नास आवर्तनांचा ठेका, सांभाळणं. मोठा संच अचानक बंद पडला की तो घसरतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०१६मध्ये सगळं राज्य अंधारात गेलं होतं. पुढच्या वर्षअखेरीस तिथे हॉर्न्सडेलला १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी बसली. दोनेक आठवडेच झाले असतील, शेजारच्या व्हिक्टोरियात ५६० मेगावॅटचा कोळशाचा संच ट्रिप झाला, म्हणजे एकाएकी बंद पडला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत बॅटरीनं जेमतेम ७ मेगावॅट दिले. आकडा किरकोळ, पण बाकीचे संच जागे व्हायच्या आत तो पोचला होता.

जास्त तास वीज साठवायची तर पाणी बरं: उरलेल्या विजेनं ते वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघराचे २०० मेगावॅटचे सहा संच उलटे फिरून पाणी वर चढवू शकतील असेच आहेत.

घरी बॅटरी घेऊ का, हेही विचारलंय. आमच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवर ३ किलोवॅटची पॅनेलं आहेत. एका उत्तरायणाला कुणाचा तरी मांजा तारांत अडकला आणि लाइट गेली. वर ऊन रणरणतंय, खाली पंखा बंद. उंधियू वाढता वाढता सौ. म्हणाली, "मग हे पत्रे कशाला बसवलेत?" लाइन बंद असताना गच्चीवरून उलटी वीज गेली तर खांबावरच्या लाइनमनचा जीव जाईल, म्हणून पॅनेलांना ग्रिडशी जोडणारा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, हे तिला पटलं; पंखा काही फिरला नाही. ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज वजा-जमा करणारा नेट मीटर असल्यामुळे माझी टाकी म्हणजे ग्रिडच. तेव्हा महागडी लिथियम बॅटरी न घेता दोन पंखे नि चार दिव्यांपुरता साधा इन्व्हर्टर आणला.