हात धुतल्याने नैतिक मतं बदलतात हे सिद्ध झालंय का?

तुम्ही कुठेतरी वाचलंत की हात स्वच्छ धुतलेला माणूस दुसऱ्याच्या चुकांकडे जरा सौम्यपणे पाहतो, आणि हे प्रयोगांनी सिद्ध झालंय का असं विचारलंय. नाही, सिद्ध झालेलं नाही. पण हे कसं कळलं ते समजून घेण्यासारखं आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि हे उदाहरण वर्गात आवर्जून सांगतो.

मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ सिमोन श्नॉल आणि सहकाऱ्यांचा, २००८ मधला. विद्यार्थ्यांना आधी एक किळसवाणी चित्रफीत दाखवली. मग त्यांच्यातल्या काहींना साबणाने हात धुवायला लावले. त्यानंतर सगळ्यांसमोर सहा प्रसंग ठेवले: सापडलेल्या पाकिटातले पैसे ठेवून घेणं, मेलेला पाळीव कुत्रा शिजवून खाणं, असे. हे किती चुकीचं? हात धुतलेल्यांनी कमी दोष दिला. पण एकूण विद्यार्थी चाळीस-पंचेचाळीस, म्हणजे एका गटात जेमतेम वीस-बावीस. दोन-तीन कडक स्वभावाची मुलं योगायोगाने एकाच गटात आली, तरी सरासरी हलते.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जॉन्सन, च्युंग आणि डोनेलन यांनी श्नॉल यांच्याकडूनच साहित्य घेऊन त्यांच्या २००८ च्या अभ्यासातले दोन्ही प्रयोग पुन्हा केले; वर सांगितलेला त्यातला दुसरा. पहिल्या प्रयोगात हात धुणं नव्हतं, स्वच्छतेचे शब्द असलेली वाक्यं जुळवायची होती. त्यासाठी मूळच्या ४० ऐवजी २०८ जण घेतले आणि हात धुण्याच्या प्रयोगासाठी १२६. परिणाम दोन्हीकडे दिसला नाही.

श्नॉल यांचा आक्षेप होता की अमेरिकेतल्या बऱ्याच जणांनी ‘किती चुकीचं’ याला आधीच जवळपास कमाल गुण दिले होते, मग फरक दिसणार कुठून? शंका रास्त होती. पण विदा (डेटा) खुला असल्यामुळे ती तपासता आली. उरी सिमनसन या संशोधकाने आकडे पुन्हा मांडून पाहिले आणि परिणाम न दिसण्याचं कारण ते नाही, असा निष्कर्ष काढला. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. वाद बराच चिघळला, वैयक्तिकही झाला, पण उत्तर आकड्यांतून शोधता आलं.

याचं भावंड म्हणजे २००६ चा ‘मॅकबेथ परिणाम’: दुष्कृत्याची गोष्ट स्वतः उतरवून काढली की साबण, टूथपेस्ट जास्त हवीशी वाटते. ब्रायन अर्प आणि सहकाऱ्यांनी तो ब्रिटन, अमेरिका आणि भारतातही तपासला. पापक्षालनासाठी नदीत डुबकी मारणाऱ्या आपल्या देशात तरी तो दिसेल असं मला वाटलं असतं, पण तो कुठेच दिसला नाही. याचा अर्थ आंघोळीने कुणालाच हलकं वाटत नाही असा मात्र नाही. ते या प्रयोगाने मोजलेलंच नाही.