शब्दशंका : ‘उपरती’ नेमकी कशाची?

प्रश्न : माझे आजोबा साठीनंतर दुकान मुलांवर सोपवून वारीला जाऊ लागले, तेव्हा घरात ‘त्यांना उपरती झाली’ असे म्हणत. हल्ली वृत्तपत्रांत ‘खड्डे बुजवण्याची प्रशासनाला उपरती’ अशी शीर्षके दिसतात. यांतला खरा अर्थ कोणता? आणि ‘मला राजकारणाची उपरती झाली’ असे लिहिले तर चालेल का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या घरातला अर्थ जुना आहे आणि मुळाशी धरून आहे. ‘रम्’ म्हणजे रमणे. या धातूला ‘उप’ हा उपसर्ग लागला की रमणे थांबते. ‘विराम’ आणि ‘विरती’ हे शब्दही याच धातूचे. गीतेच्या 6व्या अध्यायात ‘शनैः शनैरुपरमेत्’ असे म्हटले आहे, म्हणजे धीर धरून, बुद्धीच्या बळावर मन हळूहळू आवरते घ्यावे. आणि वेदान्तात साधकाच्या अंगी असाव्यात अशा ज्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत शम आणि दम यांच्यामागोमाग उपरती येते. या शब्दात चीड नाही, वैताग नाही. आपल्या आजोबांना दुकानाचा कंटाळा आला होता, असे त्यातून सूचित होत नाही. त्यांचे मन तिथे रमेनासे झाले, एवढेच कळते.

शीर्षकांतला अर्थ पुढच्या वळणावरचा आहे. संसारातून मन काढून घेणाऱ्याला आपल्या आधीच्या वागण्याचा पश्चात्तापही होतो, म्हणून ‘उपरती’ म्हणजे चूक उमगणे असे झाले, आणि त्यातून उशिरा सुचलेले शहाणपण हा खोचक अर्थ निघाला. तो रूढ आहे, म्हणून मी त्याला चूक म्हणणार नाही. मात्र खड्डे बुजवणे हे काम सुरू करणे झाले आणि उपरती तर थांबण्याची. तिथे ‘जाग आली’ हे साधे शब्द अधिक नेमके बसले असते.

‘विरती’ आणि ‘विरक्ती’ यांची मात्र गल्लत करू नये. ‘विरक्ती’ आणि ‘वैराग्य’ हे ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे या धातूपासून आले. विरक्त म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. मराठीने हीच कल्पना स्वतःच्या शब्दात वेगळी बांधली आहे. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेला फेटा काही महिन्यांत घडीच्या बाहेरच्या बाजूने फिका पडतो आणि घडी उलगडली की आतला मूळ रंग दिसतो, तेव्हा दुकानदार म्हणतो, ‘रंग विटला.’ मनही असेच विटते.

यांत सर्वांत अल्पायुषी ते स्मशानवैराग्य. पंचगंगेच्या घाटावर हातपाय धुताना ‘काय घेऊन जायचं आहे माणसानं’ असे म्हणणारे दोघे थोड्याच वेळाने गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, हातात धारोष्ण दुधाचा पेला असताना, बांधाच्या वादावरून आवाज चढवताना मी ऐकले आहेत. त्याला उपरती म्हणता येत नाही.

आता आपले वाक्य. ‘राजकारणाची उपरती’ हा प्रयोग टाळावा. ‘चा’ किंवा ‘ची’ लावून ज्याचा त्रास झाला ते सांगण्याची सोय ‘वीट’ आणि ‘उबग’ या शब्दांत आहे, आणि हे दोन्ही येतात, उपरती होते. त्यामुळे आपण वैतागला असाल तर ‘मला राजकारणाचा उबग आला’ असे लिहावे. राग नसून ओढच उरली नसेल, तर ‘राजकारणावरून माझे मन उडाले’ हे पुरे आहे. स्वतःच्या जुन्या वागण्याचा खेद वाटून आपण बाजूला झाला असाल, तर मात्र ‘तीन निवडणुका लढवल्यावर मला उपरती झाली’ असे खुशाल लिहावे.