बिघडलेलं काम हाती आल्यावर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्हॉल्व्ह बॉडीचं काम आधीच लांबलेलं, ग्राहकाने मागचा लॉट परत पाठवलेला, आधीचा प्रमुख सोडून गेलेला, आणि आता सगळं तुझ्या गळ्यात. सोमवारी नवीन वेळापत्रक दे म्हणून साहेब मागे लागलेत. देऊ नकोस. दोन दिवस मागून घे. आत काय चाललंय ते न बघता लिहिलेली तारीख पुन्हा मोडते, आणि दुसऱ्यांदा तारीख मोडली की ग्राहक तुझं खरंही ऐकत नाही.

ते दोन दिवस शॉपवर, प्रत्यक्ष काम चालतं तिथे, घालव. तुझं रिजेक्शन ब्लो होलचं आहे. कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, वरून स्वच्छ दिसतं, मशीनवर कट घेतला की आतलं भोक उघडं पडतं. फाउंड्रीवाले म्हणतात, आमच्याकडून चांगलं गेलं. मशीन शॉपवाले म्हणतात, आमचं टूल आणि वेळ भंगारावर गेला. दोघांना समोरासमोर बसवून हे मिटत नाही. परत आलेल्या नगांचे हीट नंबर, म्हणजे कोणता नग कुठल्या ओतणीतला ते, काढ, त्या दिवसांची वाळूतल्या ओलाव्याची नोंद काढ, नगाची आतली पोकळी घडवणारे वाळूचे कोअर किती वेळ उघड्यावर होते ते विचार. आपल्याकडच्या पावसात रात्रभर पडलेला कोअर ओल धरतो. ओतताना त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. रात्रपाळीच्या मोल्डरला, म्हणजे साचे बनवणाऱ्याला, हे बहुतेक आधीपासून ठाऊक असणार.

मग तो बोलत का नाही? तुमची मीटिंग इंग्रजीत चालते म्हणून. मोल्डर गोकाककडचा, कन्नड बोलणारा; मशीनवरची पोरं खानापूरची, मराठी. आत माना हलवतात आणि खरं ते बाहेर चहाच्या गाड्यावर बोलतात. तुला दोन्ही भाषा येतात, मग वापर की. त्याला त्याच्या भाषेत विचार आणि त्याचं म्हणणं मीटिंगमध्ये त्याच्याच नावाने मांड.

अमेरिकेच्या सरकारने १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याची वेबसाइट उघडली आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. ती सावरायला आलेल्या माइकी डिकरसन या इंजिनिअरने बैठकांना नियम घातले. बैठक अडचण सोडवायला आहे, दोष कुणाचा ते ठरवायला नाही. ज्याला त्या अडचणीतलं सगळ्यात जास्त कळतं त्याने बोलायचं, हुद्दा मोठा म्हणून नाही. आणि येत्या एक-दोन दिवसांत जे अंगावर येणार आहे, तेवढंच आधी घ्यायचं. नोव्हेंबर संपेपर्यंत ती साइट बहुतेकांना वापरता येऊ लागली. दुसरा नियम तू उद्यापासूनच लाव.

माणसं वाढवून मागू का, असं विचारलंयस. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करायला, माग; ते काम लवकर शिकता येतं. कोअर शॉप आणि सेटिंगला नको. नव्यांना शिकवायला तुझे तेच दोन-तीन जाणते कारागीर अडकतील, आणि आज काम त्यांच्याच जिवावर चाललंय.

लॉट परत आला याचं तुला फार लागलंय, ते ओळीओळीत दिसतं. चांद्रयान-२ चा लँडर ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रावर आदळला, तेव्हा इस्रोने कारणं खोलात जाऊन शोधली. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला होता, चुका साचत गेल्या होत्या, आणि उतरायची ठरवलेली जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. पुढच्या वेळी ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. काय काय बिघडू शकतं ते धरून यान बांधलं आणि २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं. तुझ्या वेळापत्रकातही अशी मोकळी जागा ठेव. ग्राहकाला सांग, आधी छोटा लॉट देतो, प्रत्येक नग प्रेशर टेस्ट करून; तो पास झाला की पुढची तारीख बोलू. हे फोनवर नको, समोर जाऊन सांग. ते चिडतील. ऐकून घे, पण सुपरवायझरचं नाव पुढे करू नकोस. ही गोष्ट शॉपवर तुझ्या आधी पोचते, आणि मग तुला कुणी काही सांगत नाही.

रात्री घरी जा. तिन्ही पाळ्यांना तूच उभी राहिलीस तर पाळीच्या सुपरवायझरने काय करायचं?

हीट नंबर आणि ओलाव्याचा तक्ता जुळवून झाला की मला पाठव. रविवारी घरीच आहे, फोन कर, दोघं मिळून बघू.

तुझा,
काका