बाबांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. मित्र म्हणतो, त्यांना रँडी पाउश या कॅन्सर झालेल्या प्राध्यापकांचं 'शेवटचं व्याख्यान' दाखव. दाखवू का?

लगेच दाखवू नका. आधी तुम्ही एकट्याने बघा. मी उलटं केलं होतं, आणि ते अंगाशी आलं.

माझ्या ताईचा आजार कळला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. ओळखीतल्या एकाने 'हे बघाच, नजर बदलेल' म्हणून हेच व्याख्यान पाठवलं. मी स्वतः न बघता लॅपटॉप तिच्या पलंगाशी नेऊन ठेवला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच पाउश व्यासपीठावर पालथे होऊन जोर काढतात आणि म्हणतात, ज्याला माझी कीव करायचीय त्याने आधी खाली येऊन एवढे काढून दाखवावेत, मग करावी. सभागृह हसतं. ताई म्हणाली, "बंद कर रे ते. मला कूस बदलायला माणूस लागतं, आणि हा जोर काढतोय."

बंद केलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मला माहीत असायला हवी होती ती गोष्ट अशी की, ते भाषण पाउश यांच्या आजाराच्या एका विचित्र मधल्या काळातलं आहे. ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर 2006 मध्ये कळला, मोठी शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशन झालं. ऑगस्ट 2007 मध्ये तो पसरल्याचं दिसलं. बरे म्हणावेत असे तीन ते सहा महिने हातात आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि 18 सप्टेंबर 2007 ला, वयाच्या 46 व्या वर्षी, ते बोलायला उभे राहिले. यकृतातल्या दहाएक गाठींचा स्कॅन ते पडद्यावर दाखवतात खरे, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात ताकद होती. तुमचे बाबा आज त्या जागी नसतील, तर त्या उत्साहाची त्यांच्याशी तुलना होणार. तुम्ही नाही केलीत तरी ते स्वतः करतील. पाउश पुढे 25 जुलै 2008 ला गेले. ते शेवटचे महिने त्या व्हिडिओत नाहीत.

आता त्यात आहे काय, ते सांगतो. विषय होता लहानपणची स्वप्नं आणि ती कशी पुरी झाली. त्यांची यादी पोराटोरांची असावी तशीच आहे: वजनरहित अवस्थेत तरंगायचं, व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा, विश्वकोशात नोंद लिहायची, 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या मालिकेतला कॅप्टन कर्क व्हायचं, जत्रेत मोठ्ठाली कापडी जनावरं जिंकायची, डिस्नेत राइड बनवायच्या. बरीचशी स्वप्नं पुरी होतात, पण आडवाटेने. आत माणसं वजनरहित तरंगतात अशा नासाच्या विमानात विद्यार्थ्यांना जागा मिळाली, सोबतच्या प्राध्यापकांना बंदी. मग हे पत्रकार म्हणून अर्ज करून चढले. कर्क होता आलं नाही, पण ती भूमिका करणारा नट त्यांची प्रयोगशाळा बघायला आला. विश्वकोशात आभासी वास्तवावरची नोंद त्यांनी लिहिली. डिस्नेने आधी नकाराचं पत्र पाठवलं. बऱ्याच वर्षांनी रजा काढून तिथेच काम केलं.

मला विचाराल तर खरं सोनं फुटबॉलमध्ये आहे, आणि ते स्वप्न पुरं झालंच नाही. पहिल्या दिवशी प्रशिक्षक चेंडू न घेताच मैदानावर येतात. मुलं विचारतात, चेंडू कुठाय? ते म्हणतात, मैदानात बावीस जण असतात, चेंडू एका वेळी एकाच्याच हातात असतो, तर आपण उरलेल्या एकवीस जणांचं काम शिकू. एकदा हेच प्रशिक्षक छोट्या रँडीला सरावभर झापतात. मग साहाय्यक प्रशिक्षक येऊन सांगतो, झापतायत हे बरंय; तू चुकत असताना कुणी काहीच बोलेनासं झालं, तर समज की त्यांनी तुझा नाद सोडला. पाउश म्हणतात, पुऱ्या झालेल्या स्वप्नांपेक्षा या न झालेल्या स्वप्नानेच मला बहुधा जास्त दिलं. सभेला उभं राहून टाळ्या घ्यायच्या असतात तेव्हा माणसं असं सहसा कबूल करत नाहीत.

त्याउलट, या भाषणातलं सगळीकडे फिरणारं वाक्य म्हणजे ते विटांच्या भिंतीचं. वाटेत भिंती असतात त्या आपल्याला एखादी गोष्ट किती हवीय हे दाखवायला, अशा अर्थाचं. तुमच्या मित्राने तेही पाठवलं असेल. पाउश ते नकाराच्या पत्रांबद्दल, प्रवेश न मिळण्याबद्दल बोलत होते. गाठींना त्यांनी भिंत म्हटलेलं नाही. आजाराबद्दल ते एवढंच म्हणतात की वाट्याला आलेले पत्ते बदलता येत नाहीत, डाव कसा खेळायचा ते आपल्या हातात. हा फरक लोक खाऊन टाकतात, आणि मग अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वाटायला लागतं की आपणच कुठेतरी कमी पडलो. ताईला ते वाक्य तिघांनी पाठवलं होतं. बाबांच्या फोनवर आलं, तर तुम्ही आधी पुसून टाका. मी तरी टाकलं असतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पाउश यांच्या पत्नीला हे व्याख्यान व्हायला नको होतं. तिच्या माहेरच्यांच्या जवळ राहता यावं म्हणून कुटुंब नुकतंच व्हर्जिनियात आलेलं, घरात तीन लहान मुलं, थोरला पाच वर्षांचा, आणि भाषणासाठी निघायचं त्या दिवशी तिचा वाढदिवस. ते तरीही गेले. व्यासपीठावर तिच्यासाठी केक मागवला, सगळ्यांनी गाणं म्हटलं. छान दिसतं ते. पण तिची बाजूही मला पटते: उरलेला वेळ कुणाचा, याचं भांडण प्रेमळ घरातसुद्धा होतं. तुमच्याकडे झालं तर अपराधी वाटून घेऊ नका.

बायकोमुलांबद्दल ते सुरुवातीलाच सांगतात की ती स्वप्नांपेक्षा महत्त्वाची आहेत, पण डोळे भरून न येता त्याबद्दल बोलणं जमणार नाही, म्हणून आज तो विषय नाही. आणि अगदी शेवटी उलगडतात की सव्वा तास चाललेलं हे सगळं समोरच्यांसाठी नव्हतंच, मुलांसाठी होतं. मोठी होतील तेव्हा बघतील.

ताईला मी व्हिडिओ परत दाखवला नाही. दोनेक आठवड्यांनी तिनेच विचारलं, "त्या जोरवाल्याला लहानपणी काय व्हायचं होतं रे?" मी यादी सांगितली. कापडी जनावरांवर ती हसली. "हे काय स्वप्न झालं?" आणि मग तिचं निघालं: रेडिओवर बातम्या द्यायच्या होत्या. बॅटरी तोंडासमोर धरून ती पेपर वाचायची, आणि मी बातमीत येत नाही म्हणून रडायचो. हे मी पार विसरलो होतो. त्यानंतर रोज थोडं थोडं यायचं. कधी पाचच मिनिटं, कधी नुसतंच "आज नको."

म्हणून, बाबांना व्हिडिओ दाखवण्यापेक्षा त्यांना बोलतं करून बघा. 'तुमची स्वप्नं काय होती' असं थेट विचारू नका, मुलाखत घेतल्यासारखं होतं. एखादी वस्तू धरा, एखादा मास्तर, शाळा बुडवून कुठे जायचे ते. त्याआधी एक: दुखणं आटोक्यात आहे ना? कळा येत असताना कुणी आठवणी सांगत नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना अजून भेटला नसाल तर आधी ते करा. त्यासाठी बाकीचे उपचार थांबावे लागतात असं नाही.

बघायचंच म्हणाले तर बघू देत. व्हिडिओ इंग्रजीत आहे, 76 मिनिटांचा. मध्ये विद्यापीठातल्या अभ्यासक्रमांचा आणि मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या 'अ‍ॅलिस' सॉफ्टवेअरचा मोठा भाग आहे, तो ओलांडलात तरी चालेल. एका बैठकीत संपवायची गरज नाही. शेजारी बसा.

ताईने एकदा खरंच बातम्या वाचल्या. बॅटरी सापडली नाही म्हणून टीव्हीचा रिमोट धरला. मी फोनवर रेकॉर्ड केलं. त्या दिवशी मुख्य बातमी मीच होतो. संपल्यावर मी बटण दाबलं, तर म्हणाली, "अरे, हवामान राहिलं," आणि परत सुरू करायला लावलं.