वळसे दुप्पट केले तरी विद्युतचुंबक जोर का धरत नाही?

खिळ्यावर 300 ऐवजी 600 वळसे घातले, अडॅप्टर तोच 6 व्होल्टचा, तरी टाचण्या पूर्वीइतक्याच उचलल्या जातात, अशी तुमची तक्रार आहे. तुमच्या गुंडाळण्यात खोट नाही. 'वळसे वाढवले की ताकद वाढते' हे खरं, पण तारेतली विद्युतधारा तेवढीच राहिली तर. ही अट सांगायची बहुतेक जण विसरतात.

तारेतून धारा वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. 1820 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला होकायंत्राची सुई ढळलेली दिसली ती त्यामुळेच. एका तारेचं क्षेत्र दुबळं असतं. वेटोळं केलं की आतल्या बाजूला सगळ्या वळशांची क्षेत्रं एकाच दिशेने येतात आणि त्यांची बेरीज होते. म्हणून बघायचा तो गुणाकार: धारा गुणिले वळसे.

आता 300 वळशांचा रोध, म्हणजे तारेचा धारेला होणारा अडथळा, 3 ओहम धरा. 6 व्होल्टला धारा 2 अँपिअर, गुणाकार 600. वळसे 600 केले की तार दुप्पट, रोध 6 ओहम, धारा 1 अँपिअर. गुणाकार पुन्हा 600! खरं तर वरच्या थरातला प्रत्येक वळसा जास्त लांब असतो, त्यामुळे थोडा तोटाच. फायदा एवढाच की 12 वॅटऐवजी 6 वॅट उष्णता होते, कॉइल कमी तापते.

ताकद हवी असेल तर जाड तार घ्या. व्यास दुप्पट केला की रोध चौथाई होतो, तेवढ्याच वळशांत धारा चौपट. अर्थात तापणंही चौपट, आणि अडॅप्टरला तेवढे अँपिअर झेपले पाहिजेत. लेबल आधी वाचा.

पण माझं मत विचाराल तर तारेआधी खिळ्याकडे बघा. लोखंडातले सूक्ष्म चुंबकीय विभाग धारेच्या क्षेत्रामुळे एका रांगेत येतात, खरा जोर त्यांचा. सरळ खिळ्यात मात्र बलरेषांना (चुंबकीय क्षेत्र दाखवणाऱ्या कल्पित रेषांना) एका टोकाकडून दुसऱ्याकडे हवेतून परतावं लागतं, आणि हवेत त्यांना लोखंडापेक्षा कितीतरी जास्त अडथळा होतो. विद्युतचुंबक बनवणाऱ्या इंग्रज स्टर्जनने 1825 मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचं लोखंड वापरलं, ते उगाच नाही. नरम लोखंडाचा जाड गज इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवा, दोन्ही पायांवर वळसे घाला (धारेची दिशा अशी, की एक टोक उत्तर आणि दुसरं दक्षिण होईल) आणि उचलायची पट्टी दोन्ही टोकांना सपाट टेकू द्या. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी पकड चांगलीच ढिली पडते.